पोकलेनची निगा

दसऱ्याला आमच्या डिचोली तालुक्यात अवजारांची जी पूजा होते तिच्यात पोकलेनला आता मानाचे स्थान आहे. नांगर, कोयता, पारई यांच्या ओळीत आधी ट्रक येऊन बसला आणि त्याच्या मागोमाग हे वीस टनांचे धूड. त्याच्या बकेटला झेंडूची माळ घालतात, दातांना हळदकुंकू लावतात, साखळीच्या पट्ट्याखाली लिंबू ठेवतात. या पूजेविषयी माझी काही तक्रार नाही. माझे कुतूहल आहे ते वर्षातल्या उरलेल्या दिवसांविषयी. त्या दिवसांत या यंत्राचे जे काही करावे लागते त्याला आपल्या भाषेत एक जुना, चांगला शब्द आहे. तो म्हणजे निगा. हा शब्द फारसीतल्या ‘निगाह’वरून आपल्याकडे आला. निगाह म्हणजे नजर. एखाद्या वस्तूची काळजी घेणे म्हणजे तिच्याकडे नीट पाहणे, एवढा अर्थ त्या शब्दातच बसलेला आहे. ही नजर कुठवर जावी आणि कुठे थांबली तर चालेल, हा प्रश्न गेली काही वर्षे मला सतावतो आहे.

पोकलेन हे खरे तर एका फ्रेंच कंपनीचे नाव. लार्सन अँड टुब्रोने त्या कंपनीच्या सहकार्याने ही यंत्रे भारतात बनवली आणि वनस्पती तुपाला जसे डालडा हे नाव चिकटले, तसे साखळीवर चालणाऱ्या प्रत्येक उत्खनन-यंत्राला पोकलेन हे नाव चिकटले. आज आमच्याकडे दिसणारे यंत्र कदाचित धारवाडच्या कारखान्यातले टाटा-हिताची असेल, कदाचित कोमात्सु असेल. पण ऑपरेटर खानापूरचा असो, दोडामार्गचा असो की थेट झारखंडातून आलेला असो, त्याच्या तोंडी पोकलेनच. सीमाभागात शब्दांच्या जातकुळीची चौकशी फारशी होत नाही, ते बरेच आहे.

मी शिक्षक. यंत्राशी माझा संबंध आला तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. दहावीनंतर तो आय.टी.आय.ला गेला, पुढे खाणपट्ट्यातल्या एका कंत्राटदाराकडे मेकॅनिक म्हणून लागला आणि गेली पंचवीसएक वर्षे ह्याच कामात आहे. त्याचे नाव इथे देण्याचे कारण नाही. त्याच्याशी बोलताना मला जे समजले ते आधी सांगतो, कारण या कामात किती बारकावे आहेत याची आपल्यासारख्या पांढरपेशांना कल्पना नसते.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारायची असते. इंजिन ऑइल पट्टीवर किती दिसते, रेडिएटरचे पाणी पुरेसे आहे का, हायड्रॉलिक तेल काचेतल्या खुणेपर्यंत आहे का हे पाहायचे. डिझेलच्या फिल्टरखाली साठलेले पाणी काढून टाकायचे. आमच्या पावसाळ्यात हे चुकवून चालतच नाही. बूम, आर्म आणि बकेट जिथे सांध्यात फिरतात तिथल्या पिनांना ग्रीस भरायचे; जुने काळे ग्रीस बाहेर ढकलले जाऊन नवे डोकावेपर्यंत. बकेटचा एखादा दात सैल झाला आहे का, कुठल्या नळीवर ओलसर डाग आला आहे का, साखळीच्या पट्ट्यांचे बोल्ट जागेवर आहेत का. हे झाले रोजचे. त्याखेरीज यंत्रात चालू तास मोजणारे मीटर असते आणि त्याच्या हिशेबाने २५० तास, ५०० तास, १००० तास, २००० तास अशी वेगवेगळी कामे ठरलेली असतात. दोन पाळ्यांत दिवसाला सोळा तास चालणाऱ्या यंत्राचे २५० तास पंधरा-सोळा दिवसांत भरतात. म्हणजे यंत्राचा पंधरवडा!

सर्वांत जास्त पैसा खातो तो यंत्राचा खालचा भाग. साखळी, तिला वाहून नेणारे खालचे-वरचे रोलर, पुढचे आयडलर आणि मागचे दातेरी चाक. ही साखळी किती ताणलेली असावी याला एकच उत्तर नाही. बकेट जमिनीवर टेकवून यंत्राची एक बाजू उचलायची, त्या बाजूची साखळी थोडी फिरवून तिच्यातली माती झाडायची आणि मग मधोमध ती किती लोंबते ते मोजायचे. दगडाळ, कडक जागी ताण जास्त चालतो. चिखलात मात्र साखळी थोडी सैल ठेवावी लागते, कारण चिकणमाती दातेरी चाकात भरत जाते आणि साखळी आपोआप आवळली जाते. फार आवळली तर सगळेच झिजते आणि फार सैल असेल तर वळताना उतरते. जमीन कशी आहे हे ज्याला कळत नाही त्याला साखळी ताणता येत नाही. हे वाक्य त्याचे आहे, माझे नव्हे, आणि पुढे ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

हा ताण ग्रीसच्याच दाबाने धरलेला असतो. साखळी सैल करायची असेल तर एक झडप अगदी थोडी, हळूहळू फिरवून ते ग्रीस बाहेर पडू द्यावे लागते. घाईने पूर्ण खोलली तर ते सुटून आलेल्या गोळीसारखे अंगात शिरते. हायड्रॉलिक नळीला पडलेले टाचणीएवढे भोकही तसेच. त्यावर हात फिरवून गळती शोधायला गेलेल्या माणसाच्या कातडीखाली तेल शिरते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. म्हणून गळती पुठ्ठा धरून शोधायची, बकेट जमिनीवर टेकवल्याखेरीज यंत्राखाली जायचे नाही.

आता यातली नैतिक बाजू पाहा. निगा नीट ठेवली तर काय होते? काहीच होत नाही. यंत्र काल चालले तसे आज चालते. न घडलेल्या अपघाताचा सत्कार कोणी करीत नाही. आणि निगा चुकवली तर? त्याचे फळ त्याच दिवशी मिळत नाही. महिन्यांनी मिळते, आणि बहुधा दुसऱ्याला मिळते. वेळ वाचवणारा असतो सुपरवायझर, पैसा वाचतो मालकाचा, आणि जीर्ण नळी फुटते तेव्हा समोर उभा असतो हेल्पर म्हणून नुकताच लागलेला एखादा पोरगा. ज्याच्या हाती काम, ज्याच्या खिशाला खर्च आणि ज्याच्या अंगावर परिणाम, अशी ही तीन माणसे वेगवेगळी असतात. स्वार्थ माणसाकडून बरीच चांगली कामे करवून घेतो असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. निगेच्या बाबतीत ते गणित लंगडे पडते.

म्हणूनच रजिस्टर ठेवतात. तारीख, मीटरचे तास, काय बदलले, कोणाची सही. पण रजिस्टरात तेल बदलता येते आणि यंत्रात ते तसेच राहू शकते. चीनला खनिज जाण्याची धामधूम होती त्या वर्षांत, म्हणजे २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले तेव्हा, यंत्र दोन तास उभे करणे म्हणजे गुन्हा वाटत असे. बंदरात जहाज लागलेले, नदीत बार्ज ताटकळलेल्या, रस्त्यावर ट्रकांची रांग. माझ्या या विद्यार्थ्याने त्या काळातही खोटी सही केली नाही. दोनदा त्याला दुसऱ्या साइटवर पाठवून देण्यात आले. ‘मशीन उलयता, सर. आयकपी जाय,’ असे तो मला म्हणाला होता. यंत्र बोलते, ऐकणारा हवा.

इथवर सगळे सरळ आहे. प्रामाणिकपणे, कोणी बघत नसताना, फळाची वाट न पाहता केलेले काम. गीता वाचलेल्या कोणालाही हे कर्मयोगाचे उदाहरण म्हणून देता येईल आणि मीही बरेच दिवस तेच करीत होतो. अडचण त्यानेच उभी केली. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालानंतर पुन्हा पट्टे नूतनीकृत झाले आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने असे ८८ पट्टे रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळे थंडावले. या दुसऱ्या बंदीनंतर एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, ‘सर, मशीन हांवें बरें सांबाळ्ळें. दोंगर गेलो. म्हजें कितें चुकलें?’

प्रश्न साधा नाही. त्याच्या हातून झालेले काम चांगले होते यात शंका नाही. त्या चांगल्या कामामुळेच यंत्र दिवसाचे सोळा तास न थांबता चालले. वीस टनी यंत्राच्या एका बकेटीत साधारण घनमीटरभर माती येते, मिनिटाला तीन-चार बकेटी. गोव्याच्या खाणींत एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन निरुपयोगी माती-दगड बाजूला टाकावा लागतो आणि पावसाळ्यात तो ओढ्यांतून शेतात उतरतो. निगा वाईट असती तर डोंगर थोडा सावकाश गेला असता, असे म्हणायचे का?

रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे मोटारसायकलच्या देखभालीवरचे पुस्तक १९७४ साली आले आणि जगभर वाचले गेले. यंत्राकडे आस्थेने पाहणारा माणूस आणि ते कसेतरी उरकणारा माणूस यांतला फरक त्यात फार छान दाखवला आहे. पण पिर्सिगची अडचण माझ्या विद्यार्थ्याएवढी अवघड नव्हती. मोटारसायकल कोणाची विहीर आटवत नाही.

अधिक जवळचे उदाहरण आपल्याच महाभारतात, वनपर्वात आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेला जातो आणि गुरू म्हणून त्याच्यापुढे येतो तो मांसाच्या दुकानात बसलेला एक व्याध. हे घोर काम तुला शोभत नाही, असे कौशिक म्हणतो. व्याध ते नाकारत नाही. काम घोर आहे हे तो मान्य करतो. पण ते कुळाकडून आलेले आहे, आपण स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो असे सांगतो. पुढे त्याचा युक्तिवाद फार मार्मिक होतो: नांगर धरणारा शेतकरी तरी कुठे निष्पाप आहे, फाळाखाली किती जीव मरतात!

हा धर्मव्याध मला आवडतो, कारण तो स्वतःच्या धंद्याला गोंडस नाव देत नाही. ‘विकास’ वगैरे शब्द त्याच्या तोंडी नाहीत. तरीही त्याचा नांगराचा दाखला मला आज पटत नाही. नांगराखाली जे मरते ते पुढच्या पावसात पुन्हा जन्मते. जमीन तीच राहते. मोजमापाचा फरक एका मर्यादेपलीकडे जातीचा फरक होतो. डोक्यावरच्या टोपलीने खनिज वाहणाऱ्या बाया १९५० च्या दशकातल्या खाणींवर होत्या. त्या टोपलीने डोंगर पोखरायला जो काळ लागला असता त्या काळात डोंगरालाही, गावालाही काही बोलायला अवसर मिळाला असता. ‘सगळ्यांचेच हात थोडे माखलेले असतात’ हे खरे असले तरी त्याने थोडे आणि पुष्कळ यांतला भेद पुसला जातो, आणि तो पुसला गेला की विचार करण्याजोगे काही उरत नाही.

मग मी त्याच्याकडे त्याच्याच कामाविषयी आणखी विचारत गेलो. त्यातून एक गोष्ट निघाली, ती मला या साऱ्या चर्चेहून महत्त्वाची वाटते. साखळीखालच्या रोलरमध्ये तेल असते आणि ते आत राहावे, चिखल बाहेर राहावा म्हणून सील असतात. कोरड्या जागी हे सील बराच काळ टिकतात. ओल्या, खनिजाची भुकटी मिसळलेल्या चिखलात ते लवकर जातात. तो म्हणाला, एका साइटवर एका वर्षी त्याच त्याच यंत्रांचे रोलर फार भराभर गळू लागले, साखळ्या चिखलाने सारख्या आवळल्या जाऊ लागल्या, आणि तेही भर मार्च-एप्रिलमध्ये. पाऊस नाही आणि चिखल आहे, याचा अर्थ काय? खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला होता. आमच्याकडे वर जांभ्याचे कवच आणि खाली खनिजाची भुकटी. तीच भुकटी पाणी धरून ठेवते. जे काढायला खाली गेले तेच पाण्याचे भांडे होते. पंप लागले, रात्रंदिवस पाणी उपसले गेले, आणि आसपासच्या विहिरींचे दोर लांबवावे लागले.

शिरगावचे लोक हेच सांगत आले. लईराईच्या जत्रेमुळे ज्या गावाचे नाव सावंतवाडी-बेळगावपर्यंत घरोघरी ठाऊक आहे, त्या गावाचे झरे आणि विहिरी खाणींच्या खोल खड्ड्यांनी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. तज्ज्ञ आले, अहवाल झाले. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या साइटवर एका साध्या वर्कशॉपच्या रजिस्टरात, ‘रोलर सील बदलले’ या इंग्रजी नोंदींच्या रांगेत, त्या डोंगराच्या पाण्याची हकीकत तारखेनिशी लिहिलेली होती. ती लिहिणाराने खोटे काही लिहिले नव्हते. फक्त ती नोंद यंत्राविषयी आहे असे सर्वांनी धरले होते.

खाणीला पर्यावरणाचा परवाना मिळतो तेव्हा त्यात सहसा एक अट असते: भोवतालच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी. २००३ पासून खाण बंद करताना जमिनीचे काय करणार याचा आराखडाही द्यावा लागतो. म्हणजे डोंगरालाही पुस्तक आहे, विहिरीलाही मीटर आहे, पट्टी बुडवून पातळी पाहायची सोय तिथेही आहे. एका यंत्राचे तेल पंधरा दिवसांनी पाहणारी आपली व्यवस्था विहीर तीन महिन्यांनी पाहायलाही का कंटाळते? माझे उत्तर असे की यंत्र बंद पडले तर मालकाचे नुकसान होते आणि विहीर आटली तर मालकाचे काही बिघडत नाही. निगा तिथेच ठेवली जाते जिथे ती न ठेवण्याचा भुर्दंड आपल्याला बसतो. पूर्वी गावकरी खाजनाचे बांध आणि मानशी सांभाळत, कारण बांध फुटला तर खारे पाणी त्यांच्याच भातात शिरत असे. ते लोक आपल्याहून सद्गुणी होते असे मी मानत नाही. त्यांचे नुकसान त्यांच्या दारात होते, एवढेच.

तेव्हा त्याच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते असे: डोंगर गेला हे तुझ्या हिशेबी नाही, यंत्र नीट राखलेस हे चांगलेच केलेस, ते उलटे फिरवून वाईट ठरवण्याचे कारण नाही. पण पाणी लागले हे सर्वांआधी तुला कळले. ते कळणे तुझ्या कामातूनच आले, म्हणून ते सांगणे हाही त्या कामाचाच भाग होता. फेरी यंत्राभोवती मारायची, पण उभे राहायचे असते जमिनीवर.

त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, ‘पुस्तकांत ना तें कोण पळयता? आनी सांगचें कोणाक?’ सुपरवायझरला सांगितले तर तो म्हणणार, पंप वाढवा. पंचायतीत सांगितले तर दुसऱ्या दिवशी फाटकावर नाव नाही. घरी बँकेचा हप्ता, मुलीची फी. आणि पुढे तो जरा चिडूनच म्हणाला की गाव वाचवायला निघालेल्यांनी बंदी आणली तेव्हा ज्यांनी काही नियम मोडला नव्हता तेही घरी बसले; त्याची विचारपूस करायला किती जण आले? याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि मी ते असल्याचे दाखवले नाही. बंदी आवश्यक होती असे मी आजही मानतो. तिची किंमत चुकीच्या माणसांनी अधिक भरली हेही खरे आहे. बोलण्याचे कर्तव्य सांगणाऱ्याने बोलणाऱ्याच्या पोटाची सोय काय हेही सांगायला हवे, नाहीतर तो उपदेश फुकटचा.

बंदीच्या काळात उभ्या यंत्रांची हालत मी पाहिली. न चालणारे यंत्र चालणाऱ्याहून लवकर खराब होते. सिलिंडरचे चकचकीत दांडे उघडे राहिले तर गंजतात, सील वाळतात, टाकीत पाणी धरते. म्हणून दांड्यांना ग्रीस फासून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा तरी इंजिन सुरू करून सगळे सांधे हलवायचे असतात. त्याने एका यंत्राचे हे काम पगार नसताना वर्षभर केले. का, असे विचारल्यावर म्हणाला, ‘सवय.’ तिकडे खाणींचे खड्डे पावसाने भरत होते आणि बांध फुटून खालच्या गावात पाणी शिरू नये म्हणून तिथेही कोणीतरी पंप चालवीत होते. खोदण्यावर बंदी घालता येते. खोदून ठेवलेल्याची निगा थांबवता येत नाही.

पुढे ते यंत्र पेडण्याला गेले, मोपाच्या सड्यावर. ११ डिसेंबर २०२२ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले त्याचे सपाटीकरण तेव्हा चालू होते. तिथे चिखल नव्हता, जांभा होता. बकेटचे दात पाहता पाहता झिजत आणि साखळी ताणून ठेवावी लागे. त्या सड्यावरच्या पाण्यावर खालचे झरे अवलंबून आहेत, हा वाद न्यायालयात होऊन गेलेला होता. मार्च २०१९ मध्ये परवाना स्थगित झाला आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. २०२४ साली डिचोलीच्या लिलावात गेलेल्या ब्लॉकमधून उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि आमच्या रस्त्यावर लाल धूळ परत आली. तो मात्र खाणीवर गेला नाही. सध्या एका छोट्या कंत्राटदाराकडे आहे. खाजनाचे बांध दुरुस्त करणे, नाले उपसणे असली कामे असतात. खाऱ्या चिखलात रोलर आणखी लवकर जातात, अशी त्याची तक्रार आहे.

मागच्या महिन्यात मी त्याची वही पाहिली. छापील रकाने इंग्रजीत, भरलेले इंग्रजी आकड्यांत, आणि उजवीकडच्या रिकाम्या समासात पेन्सिलीने मराठीत एक-दोन शब्द: ‘गोडे पाणी’, ‘खारे’, ‘झरा — बांधापासून वीस पावलांवर’. हे कशासाठी, असे मी विचारले नाही. त्याने वही मिटून ग्रीसगन उचलली. भरती यायच्या आत यंत्र बांधावरून काढायचे होते.